अकरा बाय तीस

(रौप्यमहोत्सवाच्या कार्यक्रमात सोसायटीच्या हॉलमध्ये केलेलं भाषण. बोललो तसंच लिहून काढलं आहे. मध्ये लाइट गेली होती तेवढा भाग वगळला.)



सेक्रेटरी साहेब महिनाभरापूर्वी घरी आले आणि म्हणाले, "काका, तुमच्या त्या भिंतीवरच्या फोटोंबद्दल पंधरा मिनिटं बोला." मी म्हणलं, फोटो नाहीत ते. तर ते म्हणाले, "तेच ते. पोस्टर." मी म्हणलं, पोस्टरही नाहीत. मग त्यांनी चहा संपवला आणि "जे काय असेल त्यावर बोला" असं सांगून गेले. तेव्हा ते जे काय आहे, त्यावर बोलतो.

माझ्याकडे एकूण चौदा चित्रं आहेत. सगळी खेळाची. सगळी छापलेली, आणि बहुतेकांवर पेन्सिलीनं सही केलेली. इथेच लोक अडखळतात. आपल्या बी विंगमधल्या एका गृहस्थांनी मला लिफ्टमध्ये सरळ विचारलं होतं, "छापलेलंय म्हणता, मग एवढे पैसे कशाला घालायलाव? झेरॉक्स काढून देतो की दहा रुपयात." प्रश्न चुकीचा नाही. त्याचं उत्तर लिफ्टमध्ये देता आलं नाही, ते आज देतो.

राजा रविवर्म्याची लक्ष्मी-सरस्वती आपल्या सगळ्यांच्या आजीच्या देव्हाऱ्यात होती. १८९४ साली त्यांनी मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला, आणि तिथून चित्रं घरोघरी गेली. त्या चित्रांवर कोपऱ्यात रविवर्म्यांचं नाव असतं. पण ते नाव चित्राबरोबर छापलेलं. लाख प्रती काढल्या तर लाख प्रतींवर तेच नाव. चित्रकाराचा हात त्या कागदाला लागलेला नसतो. ते वाईट नाही. देव घरोघरी पोचावा म्हणून ते काढलं होतं, आणि तो पोचला.

मर्यादित आवृत्तीचं नेमकं उलटं असतं. चित्रकार आधीच ठरवतो की मी इतक्याच प्रती काढणार. समजा पाचशे. मग प्रत्येक प्रत स्वतः तपासतो, खराब निघालेली फाडतो, आणि चांगल्या प्रतीच्या खाली डाव्या बाजूला पेन्सिलीनं आकडा घालतो, अपूर्णांकासारखा. ४७/५०० म्हणजे पाचशेपैकी सत्तेचाळिसावी. उजवीकडे सही. काही थोड्या प्रती चित्रकाराच्या स्वतःच्या असतात, त्यावर इंग्रजीत ए.पी. लिहितात. सगळ्या प्रती झाल्या की ज्या ठशावरून काढल्या त्यावर आडव्या रेघा मारून तो बाद करायचा. म्हणजे त्याला स्वतःलासुद्धा मोह झाला तरी पुन्हा काढता येऊ नये.

खेळाच्या चित्रांत आणखी एक सही येते, खेळाडूची. अमेरिकेत लिरॉय नीमन नावाचे चित्रकार होते, मोठ्या मिशांचे. मुहम्मद अलीची, ऑलिम्पिकची भडक रंगांची चित्रं काढायचे, आणि त्यांच्या सह्यांच्या प्रती लोक जपून ठेवतात. इंग्लंडचा विकेटकीपर जॅक रसेल तर स्वतःच चित्रकार. १९९५ साली जोहान्सबर्गच्या कसोटीत आथर्टननं नाबाद १८५ काढून सामना वाचवला, तेव्हा दुसऱ्या टोकाला हा चार तासांहून जास्त वेळ उभा राहिला आणि धावा काढल्या २९. त्याच कसोटीत त्यानं यष्टीमागे अकरा झेल घेतले होते. आता चिपिंग सॉडबरी नावाच्या गावात त्याची स्वतःची गॅलरी आहे, क्रिकेटच्या मैदानांची चित्रं काढतो, सही करून देतो. माझ्या भाच्यानं त्याचं एक आणून दिलंय. खेळाडूही तोच, चित्रकारही तोच, त्यामुळे एका सहीत काम भागलं.

आता माझ्या पहिल्या चित्राकडे येतो. ते इथे टेबलावर ठेवलंय, पंख्याच्या वाऱ्यात नको म्हणून जरा आत. ते ना अमेरिकेचं, ना इंग्लंडचं. ते लातूरचं आहे.

१९६९ साली महाराष्ट्र केसरीचं अधिवेशन लातूरला भरलं. तेव्हा लातूर जिल्हा नव्हता बरं का, उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका होता. जिल्हा झाला १९८२ ला. मी आठवीत होतो. त्या वर्षीचा महाराष्ट्र केसरी झाला हरिश्चंद्र बिराजदार. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचा पोरगा, वीस वर्षांचासुद्धा नव्हता. आपल्याच मातीत, आपल्याच माणसानं किताब घेतला. कोल्हापूर-सांगलीकडचे पैलवान येणार, नाव करून जाणार आणि आपण टाळ्या वाजवणार, हीच आम्हाला सवय होती. त्यामुळे त्या दिवशी लातुरात जे झालं ते मला सांगता येणार नाही. गंजगोलाईत लोक अनोळखी माणसाला पेढा भरवत होते. पुढल्याच वर्षी एडिंबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक घेतलं. पुढे बेळगावच्या आखाड्यात सत्पालला हरवलं, ती कुस्ती बघितलेले लोक अजून तिच्याबद्दल उभं राहून बोलतात.

आमच्या शाळेला एक चित्रकलेचे मास्तर होते. औसा तालुक्यातले. धोतर, वर कोट, आणि कोटाच्या खिशात कायम पेन्सिलीचा तुकडा. त्यांनी ती कुस्ती बघितली आणि लिनोचा तुकडा घेऊन बसले. लिनो म्हणजे जमिनीवर घालायचं ते जाड रबरासारखं कापड, त्यावर कोरून ठसा करतात. जेवढं कोरून काढाल तेवढं कागदावर पांढरं राहतं, उरलेलं काळं. मास्तरांनी शड्डू ठोकणारा पैलवान कोरला. मागे गर्दी, पण गर्दीला चेहरे नाहीत, नुसते फेटे. शंभर-दीडशे पांढरे ठिपके. लांबून बघितलं तर आभाळात चांदण्या पडल्यात असं वाटतं.

लग्नपत्रिका छापायच्या पायानं चालवायच्या ट्रेडल मशीनवर त्यांनी रविवारी बंद छापखान्यात त्याच्या तीस प्रती काढल्या. कागद लावायला आम्ही दोन पोरं होतो. ठसा उलटा कोरावा लागतो, म्हणजे छापल्यावर सुलटा येतो. मास्तरांनी "लातूर" बरोबर उलटं कोरलं, आणि खाली साल कोरताना शेवटचा ९ उलटा करायचा विसरले. त्यामुळे तीसच्या तीस प्रतींत १९६९ मधला शेवटचा ९ आरशात बघितल्यासारखा आहे. आम्ही हसलो तर म्हणाले, "राहू द्या रे. खरं-खोटं ओळखायला कामाला येईल."

मग पेन्सिल काढून एकेका प्रतीवर आकडा घालायला लागले. मी विचारलं, मास्तर, हे गणित कशाला? ते म्हणाले, "लेका, तीस म्हणलं की तीस. एकतिसावं निघालं तर मला धरायचं." आणि ठशावर पटाशीनं फुलीच्या दोन रेघा मारल्या. मला रडू यायचं बाकी होतं. एवढा सुंदर ठसा! मला त्यांनी अकरा नंबर दिला. ११/३०. डावीकडे आकडा, मध्ये मास्तरांची सही, आणि उजवीकडे मुद्दाम रिकामी जागा. "पैलवान पुन्हा लातूरला आला की सही घेऊ." पैलवान नंतर पुष्कळदा आले असतील. आमची सही राहूनच गेली.

पुढे मी नोकरीला लागलो, बदली होऊन नांदेडला आलो. पगार बेताचा, पण वर्षा-दोन वर्षाला एखादं चित्र घ्यायचो. २०११ चा वर्ल्ड कप झाला, दोन एप्रिलला वानखेडेवर शेवटचा षटकार गेला, ते तुम्हाला सांगायला नको. त्यानंतर काही महिन्यांत मला एकानं त्या षटकाराचं एक चित्र विकलं. अडीचशेपैकी अठ्ठ्याऐंशी. चित्रकाराची सही, खेळाडूची सही, निळ्या शाईत. सोबत सोनेरी कडा असलेलं प्रमाणपत्र, त्यावर चकाकणारा होलोग्राम. किंमत अठरा हजार पाचशे. वेतन आयोगाच्या थकबाकीचा हप्ता नुकताच जमा झाला होता आणि सौ.नी त्यातून स्वयंपाकघराचा ओटा करायचा ठरवलं होतं. मी ओटा पुढे ढकलला.

वर्षभर ते चित्र दिवाणखान्यात होतं. मग मुलीच्या लग्नाच्या पत्रिका करायला म्हणून एक प्रेसवाला पोरगा घरी आला. त्याच्या खिशात ते लहान भिंग असतं, डोळ्याला लावून छपाई तपासायचं. चहा येईपर्यंत त्यानं सहज ते चित्रावर लावलं. मग सहीवर लावलं. आणि गप्प बसला. मी विचारलं, काय रे? तो म्हणाला, "काका, रागावू नका. ही सही छापलेली हाय बगा."

मी भिंग लावून बघितलं. ऑफसेटच्या छपाईत रंग सलग नसतो, चार रंगांचे बारीक ठिपके असतात. आकाश ठिपक्यांचं, बॅट ठिपक्यांची, आणि ती निळी सहीसुद्धा ठिपक्यांचीच. निळे, मध्येच गुलाबी. पेनाची रेघ भिंगाखाली सलग दिसते, कागदाच्या तंतूंत शाई उतरलेली दिसते. पेन्सिलीची असेल तर कागद तिरपा धरला की चमकते, आणि मागून बोट फिरवलं तर कधी कधी दाब लागतो. यातलं काहीच नव्हतं. आकडासुद्धा छापलेला. म्हणजे अडीचशेच्या अडीचशे प्रती अठ्ठ्याऐंशी नंबरच्या असणार! विकणाऱ्याचा फोन तोपर्यंत बंद झाला होता.

सौ. त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. ओट्याबद्दलही नाही. तेच जास्त लागलं.

नंतर मी या विषयात थोडं वाचलं, तेव्हा कळलं की आपण एकटेच नाही. अमेरिकेत नव्वदच्या दशकात सॅन दिएगोच्या टोनी ग्विन या बेसबॉल खेळाडूला आपल्याच नावाच्या सह्या विकायला ठेवलेल्या दिसल्या, ज्या त्यानं केल्याच नव्हत्या. त्यातून एफबीआयचा मोठा तपास झाला, अख्खी टोळी सापडली. बाजारातल्या खेळाडूंच्या सह्यांपैकी निम्म्याहून जास्त खोट्या असाव्यात असा त्यांचा अंदाज होता. आणि बहुतेक मालासोबत प्रमाणपत्र होतंच. तेव्हा तरुण मंडळींनो, ऑनलाइन सही केलेली बॅट, टी-शर्ट, चित्र घेताना प्रमाणपत्र बघू नका. प्रमाणपत्र छापायला सहीपेक्षा सोपं असतं. ते कुणी, कुठे, कुणासमोर सही करून घेतलं, तुमच्या आधी कुणाकडे होतं, हे विचारा. आणि दीडशे-दोनशे रुपयांचं भिंग घ्या. माझ्याकडे आहे, मागा, देतो.

आता जे सांगायचं ते थोडं अवघड आहे. घरच्यांनाही मी हे अलीकडेच सांगितलं.

२०११ सालीच हरिश्चंद्र बिराजदार पुण्यात गेले. ते पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत पोरांना तयार करत होते. राहुल आवारेसारखा मल्ल त्यांच्या हाताखाली घडला. माझी मुलगी पुण्यात शिकायला होती, मी वर्षातून चार वेळा पुण्याला जायचो. दरवेळी ठरवायचो, यावेळी चित्र घेऊन जायचं. एकदा काच निघाली नाही म्हणून राहिलं. एकदा पाऊस होता. एकदा, खरं सांगतो, लाज वाटली. एवढ्या मोठ्या माणसापुढे जाऊन काय म्हणायचं, बेचाळीस वर्षांपूर्वीची सही राहिलीय? पेपरात बातमी वाचली त्या दिवशी मी ती रिकामी जागा बघत बसलो होतो.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी जुन्या वस्तू घेणाऱ्या एका माणसाचा फोन आला. त्याला कुणाकडून तरी या चित्राबद्दल कळलं होतं. त्यानं किंमत सांगितली. मग म्हणाला, "पैलवानांची सही असती तर चौपट देतो. सही कशी आली ते मी विचारणार नाही." वर हेही म्हणाला, की नमुना हवा असेल तर पाठवतो. सौ.च्या गुडघ्याचं ऑपरेशन तेव्हा ठरत होतं. चौपट रकमेत ते बसत होतं. मी लगेच नाही म्हणलो नाही. दोन दिवस मागून घेतले.

त्या दोन दिवसांत मी काय काय विचार केला ते इथे सांगत नाही. एवढंच सांगतो की दुसऱ्या रात्री फ्रेम भिंतीवरून उतरवली होती आणि मागचे खिळे काढले होते. काच बाजूला केल्यावर दिसला तो मास्तरांचा आकडा. ११/३०. पेन्सिलीचा. पंचेचाळीस वर्षांत अजिबात पुसला नव्हता. एकतिसावं निघालं तर मला धरायचं, म्हणाले होते. मी खिळे परत ठोकले. आवाजानं सौ. उठल्या, म्हणाल्या, "अहो, एवढ्या रात्री काय ठोकायलाव?" ऑपरेशन कर्ज काढून झालं. गुडघा उत्तम आहे, गरब्याला तुम्ही बघितलंच.

आता तीसातली बाकीची एकोणतीस कुठे गेली? काही मास्तरांनी वाटली होती, शिक्षकांना, पैलवानांना, एक-दोन छापखान्याच्या मालकाला. अर्ध्याहून जास्त त्यांनी गावाकडच्या घरी पत्र्याच्या पेटीत ठेवली होती. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र उलटून पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. किल्लारीच्या भागातली घरं तुम्हाला माहीत आहेत, दोन-दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं माळवद. लोक झोपेत गेले. वर पाऊस.

मास्तर त्या वेळी लातूरला होते, म्हणून वाचले. घरातले वाचले नाहीत. दिवाळीनंतर मी भेटायला गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये बसले होते. बोलता बोलता मी विचारून गेलो, मास्तर, ती पेटी? तोंडातून शब्द गेला आणि मला जमीन फाटावी असं झालं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "माणसं मोजायची होती रे. चित्रं कोण मोजतो." पुन्हा तो विषय मी काढला नाही, आणि पुढे मास्तरही राहिले नाहीत.

म्हणजे कागदावर तीस आहेत, पण खऱ्या किती उरल्या ते कुणीच सांगू शकत नाही. मी स्वतः डोळ्यांनी बघितलेल्या तीन. माझी अकरा, आणि लातूरच्या दोन घरांत चार आणि एकोणीस. त्यातलं एकोणीस नंबरचं एका फ्रेमवाल्यानं हार्डबोर्डाला फेविकॉलनं चिकटवलंय. ते आता कधीच सुटणार नाही. बायांनो, बाबांनो, कुठलंही चित्र, जुना फोटो, आजोबांचं मानपत्र फ्रेमला द्याल तेव्हा समोर उभं राहून सांगा, चिकटवायचं नाही. वरच्या दोन कोपऱ्यांना पातळ कागदाच्या पट्ट्या, गव्हाच्या पिठाच्या खळीनं. खळ पाण्यानं सुटते. काचेला कागद टेकू द्यायचा नाही, मध्ये माउंट घालायचा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसच्या वर जातो, पश्चिमेच्या भिंतीवर काही लावू नका. आणि पावसाळ्यात मागून बघत राहा. कसर आणि वाळवी दोघींनाही जुना कागद फार आवडतो.

माझी मुलं चित्रांचं काय करणार ते मला माहीत आहे. थोरला म्हणतो, बाबा, फोटो काढून ठेवू. पुण्यात सहकारनगरला रोहन पाटे या तरुणानं क्रिकेटचं संग्रहालय उभं केलंय, २०१२ साली सचिनच्या हस्ते उघडलं. जगभरच्या खेळाडूंच्या सह्यांच्या बॅटी तिथे आहेत. मी जाऊन आलो, दोन तास हललो नाही. पण कुस्तीचं, आपल्या भागाचं असं काही आपल्याकडे नाही. तालमींच्या भिंतीवर जुने फोटो आहेत, धूर आणि ओल खाऊन निम्मे गेलेले. माझी तेरा चित्रं मुलांनी काहीही करावीत. ११/३० मात्र लातूरला परत जाईल, एखाद्या तालमीत किंवा शाळेत, जिथे ते न चिकटवता लावतील. तसं मी लिहून ठेवलंय आणि सेक्रेटरी साहेबांकडे पाकीट दिलंय. ज्यांचं माहेर-सासर लातूर, औसा, निलंग्याकडे आहे त्यांनी जुन्या पेट्या, माळे जरूर बघा. शड्डू ठोकणारा पैलवान, मागे पांढरे फेटे, आणि उलटा ९. सापडलं तर विकत मागणार नाही, फक्त नंबर सांगा. माझ्या वहीत लिहून ठेवायचाय.

शेवटचं, बालमित्रांसाठी. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकला भारताचा झेंडा सुमित अंतिलबरोबर जिनं हातात धरला, ती भाग्यश्री जाधव आपल्या नांदेड जिल्ह्याची, मुखेड तालुक्यातली. व्हीलचेअरवर बसून गोळाफेक करते. टोकियोला खेळली, पॅरिसला पाचवी आली. तिचं चित्र आपल्या सोसायटीत कुणाच्या घरी आहे? हात वर करा. एकही नाही. ठीक आहे.

मी लिनो आणून ठेवलाय. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता याच हॉलमध्ये यायचं. पटाशी पाचवीच्या पुढच्यांनीच धरायची, लहान्यांनी शाई लावायची आणि कागद वाळत घालायचे. रद्दी प्रत्येकानं घरून आणायची, फरशी खराब झाली तर वॉचमन मला बोलेल. चांगलं जमलं तर पंचवीस प्रती काढू, आकडे घालू, ठशावर फुली मारू. त्या वाळल्या की दुसऱ्याच आठवड्यात गाडी करून तिच्याकडे जाऊ आणि विनंती करू. यावेळी पुढच्या वर्षावर टाकायचं नाही.

आता चहा आहे. चित्र बघायचं असेल त्यांनी दोघं-दोघं या, आणि कपबशी टेबलापासून लांब ठेवा. भिंग मी हातात देईन. उलटा ९ उजवीकडे खाली आहे.